वानगीची तबकडी

बाजारांत धान्य घ्यावयास गेलेल्या माणसापुढें व्यापारी पोत्यांतील मूठभर दाणे काढून धरतो. त्यास आपल्या भाषेंत वानगी म्हणतात. दाणे हातावर घोळवून, एखादा दांताखालीं फोडून, ग्राहक पोत्याची पारख करतो. संगीताच्या बाजारांतही अशी वानगी पुष्कळ वर्षांपासून मिळत आली आहे. युरोपांतील थोर संगीतकारांच्या लोकप्रिय रचनांपैकीं कोणाचा आरंभ, कोणाचा मधला भाग, कोणाचें एखादें गीत, असे पंधरा-वीस वेचे एकत्र करून जी ध्वनिमुद्रिका विकली जाते, तीच ही वानगीची तबकडी होय. तिच्या वेष्टनावर अमर सुरावटी, अक्षय ठेवा, अशा अर्थाचें कांहीं तरी भव्य नांव असतें. आंत बाख, हँडेल, विवाल्डी, मोझार्ट, बीथोव्हेन, चायकोव्स्की, ग्रीग अशी मंडळी एकमेकांस खेटून बसलेली असते, आणि तास-सव्वा तासांत सर्वांची हजेरी संपते. हल्लीं पुष्कळ घरांतून तबकडी फिरेनाशी झाली असली तरी तीच यादी भ्रमणध्वनीवर वाजत असते. साधन बदललें, वानगी तीच राहिली.

ही वानगी आपल्या घरांत व शाळेंत असावी कीं नसावी, ह्याविषयीं जाणत्या मंडळींत एकमत नाहीं. ज्यांनीं ह्या संगीताचा रीतसर अभ्यास केला आहे, त्यांपैकीं कित्येक तिच्याकडे पाहून नाक मुरडतात; त्यांच्या मतें ही संगीताची सेवा नसून चिरफाड आहे. उलट कित्येक पालक अशी एक तबकडी घरीं आणली म्हणजे मुलांच्या संस्कारांपैकीं एक बाब उरकली असें मानून स्वस्थ बसतात. आम्हांस ह्या दोन्ही पक्षांशीं थोडें बोलावयाचें आहे. पहिल्या पक्षास आम्ही असें सांगूं कीं, वेचा काढणें हा अपराध नव्हे. आणि दुसऱ्या पक्षास असें सांगूं कीं, वेच्यावर थांबणें हा मोठा तोटा आहे, आणि तो तोटा केवळ संगीतापुरता राहात नाहीं.

प्रथम वेच्याची बाजू मांडूं. आपल्या क्रमिक पुस्तकांत वेचे नसतात तर काय असतें? ज्ञानेश्वरीच्या सुमारें नऊ हजार ओव्यांपैकीं विद्यार्थ्याच्या वांट्यास दहा-बारा ओव्या येतात. त्या वाचून एखाद्यास पुढें मूळ ग्रंथ उघडावासा वाटतो. इतरांस तसें वाटलें नाहीं, तरी त्या दहा-बारा ओव्या त्यांची जन्मभर सोबत करतात. सबंध ग्रंथ पेलणार नाहीं म्हणून त्यांतील पानही देऊं नये, असें कोणताही शहाणा शिक्षक म्हणणार नाहीं. संगीताच्या बाबतींत तर खुद्द रचनाकारांनींच हें काम केलें आहे. चायकोव्स्कीचा 'नटक्रॅकर' हा नृत्यप्रयोग सेंट पीटर्सबर्ग येथें १८९२ च्या डिसेंबरांत रंगभूमीवर आला. परंतु त्यांतील आठ भाग निवडून स्वतः चायकोव्स्कीनें ते त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत लोकांस ऐकविले होते. म्हणजे पोतें बाजारांत येण्यापूर्वींच व्यापाऱ्यानें वानगी दाखविली! नॉर्वेच्या ग्रीगनें इब्सेनच्या 'पेर ग्युंट' नाटकास दिलेलें संगीत १८७६ सालीं प्रथम वाजलें, आणि त्यांतील चार भाग वेंचून त्यानें १८८८ सालीं एक स्वतंत्र माळ ओवली. नाटक न पाहिलेल्या लाखों लोकांस आज ग्रीग ठाऊक आहे तो ह्या माळेमुळेंच.

शिवाय घरबसल्या संगीत ऐकण्याचा इतिहासच मुळीं तुकड्यांचा इतिहास आहे. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर फार तर चार-पांच मिनिटांचें संगीत मावे. १९१३ सालीं आर्थर निकिश ह्यांनीं बर्लिन फिल्हार्मोनिक वाद्यवृंदाकडून बीथोव्हेनची पांचवी सिंफनी मुद्रित करविली, तेव्हां ती आठ बाजूंवर पसरावी लागली. ऐकणारा रंगांत येतो न येतो तोंच त्यास उठून तबकडी बदलावी लागे. अशा तबकड्यांचा संच छायाचित्रांच्या वहीप्रमाणें बांधलेल्या पुस्तकांत ठेवीत, म्हणून त्यास 'आल्बम' हें नांव पडलें. पुस्तक गेलें तरी नांव राहिलें. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें सावकाश फिरणारी तबकडी काढली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. आणि १९८२ सालीं आलेल्या लहानशा चकचकीत तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटें अखंड संगीत राहूं लागलें. आज तर मर्यादाच उरली नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, आपल्या आजोबा-पणजोबांनीं तुकडे ऐकले ते यंत्राच्या दुबळेपणामुळें. आपण तुकडे ऐकतों ते आपल्या मनाच्या घाईमुळें. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा.

वेच्याच्या बाजूनें आणखी एक गोष्ट बोलणें अवश्य आहे. हें संगीत परकें, आपल्या कानास तें कसें रुचणार, असें कांहीं पालक म्हणतात. वस्तुतः तें आपल्या कानांत केव्हांच शिरलेलें आहे. १९६१ च्या 'छाया' ह्या हिंदी चित्रपटांत सलील चौधरी ह्यांनीं जें एक गाजलेलें युगुलगीत बांधलें, त्याचा मुखडा मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावरून घेतलेला आहे. तें गीत गुणगुणणाऱ्या आमच्या वडील पिढीनें नकळत मोझार्टच गुणगुणला. गोव्यांतील चर्चशेजारच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकलेल्या वादकांनीं मुंबईच्या चित्रपटसृष्टींत किती व्हायोलिनें वाजविलीं, ह्याची गणती करणें कठीण आहे. मुंबई शहरांत मेहली मेहता ह्यांनीं १९३५ सालीं बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला, आणि २००६ सालापासून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रांत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद आहे. परंतु तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या मुलानें नव्वद वादक एकत्र बसलेले कोठें पाहावे? त्याला वानगीची तबकडी हाच दरवाजा. दरवाजा लहान आहे म्हणून तो लावून घेणें शहाणपणाचें नव्हे.

इतकें म्हटल्यावर आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. दरवाजा आंत जाण्यासाठीं असतो. उंबऱ्यावरच मुक्काम करण्यासाठीं नसतो.

शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों, आणि भाताच्या बाबतींत तें खरें आहे. कारण हंडींतील प्रत्येक शीत एकाच आंचेवर, एकाच पाण्यांत शिजलेलें असतें. गव्हाच्या पोत्याचेंही तेंच. परंतु मोठी संगीतरचना म्हणजे पोतें नव्हे. तिचा पहिला भाग ऐकून चौथ्याची परीक्षा होत नाहीं. किंबहुना पहिला भाग कशासाठीं होता हें चौथा ऐकल्यावांचून कळतच नाहीं. ह्याचें उत्तम उदाहरण वर उल्लेखिलेली बीथोव्हेनची पांचवी सिंफनी हेंच होय. तीन आंखूड व एक लांब अशा चार ठोक्यांनीं तिचा आरंभ होतो, आणि वानगीच्या ज्या ज्या तबकड्या आहेत त्यांपैकीं बहुतेकींत हा आरंभ सांपडतो. सात-आठ मिनिटें तो कोंडलेला, संतप्त झगडा चालतो, आणि तबकडीवर तेथेंच पूर्णविराम पडतो. लागलीच दुसऱ्या कोणाचें तरी गोड नृत्यसंगीत सुरू होतें. ऐकणारा मुलगा समजतो कीं, बीथोव्हेनची पांचवी म्हणजे हा क्रोध.

पण बीथोव्हेननें तेथें पूर्णविराम दिलेला नाहीं. त्या रचनेचे चार भाग आहेत. दुसरा शांत आहे. तिसरा दबक्या पावलांनीं चालतो, आणि त्याच्या शेवटीं सर्व वाद्यें जवळजवळ गप्प होऊन केवळ नगाऱ्यावर हलके ठोके पडत राहतात. जणूं काळोखांत कोणी श्वास रोखून उभें आहे. आणि मग मध्यें न थांबतां, त्याच श्वासांत, चौथा भाग प्रकाशासारखा फुटतो. ज्या उदास स्वरसमूहांत आरंभ झाला होता, त्याच षड्जावर आतां उजळ स्वरसमूह उभा राहतो. मौजेची गोष्ट अशी कीं, ट्राँबोन वाजविणारे तिघे वादक, आणि त्यांच्यासह पिकोलो ही बारीक बांसरी व अतिखर्जाचा बसून वाजविणारा वादक, हे पहिल्या तीन भागांत एकही स्वर वाजवीत नाहींत. हातांत वाद्य घेऊन ते स्वस्थ बसून असतात. त्यांची पाळी चौथ्या भागांतच येते, आणि त्यांच्या आवाजानेंच तो विजय भरदार होतो. वानगीच्या तबकडीवर हे पांच जण कधींच ऐकूं येत नाहींत. पहिल्या भागावर थांबणाऱ्यानें त्या रचनेंतील लढाई तेवढी ऐकली, तिचा निकाल ऐकला नाहीं.

हा निकाल बीथोव्हेनला स्वस्तांत मिळालेला नव्हता. तरुणपणींच त्याचे कान जाऊं लागले. १८०२ सालीं हाइलिगेनश्टाट नांवाच्या गांवीं त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक लेख लिहून ठेविला. तो १८२७ सालीं त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सांपडला. त्यांत त्यानें आपली सारी निराशा उघडी केली असून, केवळ कलेनें आपणांस ह्या जगांत धरून ठेविलें, असें म्हटलें आहे. त्यानंतर सहा वर्षांनीं, १८०८ च्या २२ डिसेंबर रोजीं, व्हिएन्ना येथील थंडगार नाट्यगृहांत ही सिंफनी प्रथम वाजली. त्या दिवशींचा कार्यक्रम चार तासांचा होता. कान गमावीत चाललेल्या मनुष्यानें आपणांसाठीं काळोखापासून प्रकाशापर्यंतची वाट बांधून ठेवावी, आणि आपण पहिल्या वळणावरूनच परत फिरावें, ही त्याच्याविषयीं कृतज्ञता म्हणतां येणार नाहीं.

वेच्यांत दुसरें हरवतें तें ठिकाण. आमच्यासारख्या शाळांतून नाताळच्या सुमारास हँडेलचें 'हालेलुया' हें समूहगीत पुष्कळदां म्हटलें जातें, आणि वानगीच्या तबकडीवरही तें हटकून असतें. परंतु ज्या 'मसाया' नामक दीर्घ रचनेंतून तें घेतलें आहे, तिचे तीन भाग असून हें गीत दुसऱ्या भागाच्या शेवटीं येतें. म्हणजे जन्माच्या आनंदानंतर नव्हे, तर दुःख व मरण ह्यांतून गेल्यानंतर. तें ऐकण्यापूर्वीं श्रोत्यानें पुष्कळ शोक सोसलेला असतो, म्हणून त्या जयघोषाला वजन येतें. १७४२ च्या १३ एप्रिलला डब्लिन येथें ही रचना प्रथम गायिली गेली, तेव्हां त्या प्रयोगाच्या उत्पन्नाचा एक वांटा कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या लोकांसाठीं होता, आणि १४२ कैदी त्या पैशानें सुटले. ज्या गीताच्या पोटांत इतकी कथा आहे, तें दोन लोकप्रिय नृत्यांच्या मध्यें चार मिनिटें वाजून गेलें तर त्याचा आवाज कानीं पडतो, अर्थ पडत नाहीं.

कधीं कधीं तर वानगींत पोत्यावरचें नांवही खोटें असतें. 'आल्बिनोनीचें अडाज्यो' म्हणून जी करुण रचना अशा तबकड्यांवर असते, ती आल्बिनोनीची नव्हेच. आल्बिनोनी १७५१ सालीं वारला; ही रचना विसाव्या शतकांतील रेमो जाझोत्तो ह्या इटालियन अभ्यासकाची असून ती १९५८ सालीं प्रसिद्ध झाली. रचना सुंदर आहे ह्यांत संशय नाहीं. पण ज्याचें श्रेय त्यास द्यावें, एवढी तरी चौकशी ऐकणाऱ्यानें करावयास नको काय?

ह्यावर कोणी विचारील, 'मग सर्वच वेचे त्याज्य कां?' नाहीं. आमच्या मतें वेच्यांचे दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखतां येणें हीच रसिकतेची पहिली इयत्ता होय. एक, लहान पण पूर्ण. दुसरा, मोठ्यांतून तोडलेला. ग्रीगची 'सकाळ' घ्या. ती ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढें नॉर्वेचे डोंगर येतात. नाटकांत ती मोरोक्को देशांतील सकाळ आहे, कारण नायक घर सोडून तेथवर भटकत गेलेला असतो. हें ठाऊक असेल तर आनंद वाढतो; पण ठाऊक नसलें तरी त्या सकाळीस आरंभ, मध्य व शेवट आहे, ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. उलट रिचर्ड स्ट्राउसची झरथुष्ट्राच्या नांवाची १८९६ सालची रचना पाहा. अर्ध्या तासाच्या त्या रचनेचा केवळ दीड मिनिटाचा सूर्योदय तबकडीवर घेतात. १९६८ सालच्या एका प्रसिद्ध अंतराळपटामुळें तो जगभर गाजला. पुढील सर्व प्रवास, आणि अखेरीस दोन न जुळणारे स्वर आळीपाळीनें वाजत राहून प्रश्नांतच होणारा शेवट, ह्यांची वार्ताही नसते. ही तर पुस्तकाची मुखपृष्ठें जमविण्याची तऱ्हा झाली. ह्याच्याही पलीकडे १९८१ सालीं मजल गेली. लुई क्लार्क ह्यांच्या संचालनाखालीं लंडनच्या रॉयल फिल्हार्मोनिक वाद्यवृंदानें 'हुक्ड ऑन क्लासिक्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत नामांकित रचनांचे कांहीं कांहीं सेकंदांचे तुकडे एकाच यांत्रिक ठेक्यावर ओळीनें जोडलेले होते. ती तडाखेबंद खपली. सर्वांस एकाच चालीनें चालविल्यावर मोझार्ट कोण आणि चायकोव्स्की कोण, हा भेदच उरत नाहीं.

लहान पण पूर्ण म्हणजे काय, ह्याचें एक उदाहरण आपल्या घरचें आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं, आणि प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेविली. कार्ल सेगन ह्यांच्या मंडळानें तीवर साऱ्या पृथ्वीचें सुमारें दीड तासाचें संगीत निवडून भरलें. मानवजातीनें विश्वापुढें धरलेली ती वानगीच होय. तींत सत्तावीस रचना आहेत. बाख आहे, मोझार्ट आहे, आणि बीथोव्हेनच्या पांचवीचा पहिला भागही आहे, तेथेंही पहिलाच! पण त्याच तबकडीवर गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाई केरकर ह्यांनीं गायिलेली भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. अल्लादियाखांसाहेबांच्या ह्या शिष्येस मैफलींत राग तासभर फुलवितां येत असे. परंतु तबकडीची मर्यादा ओळखून त्यांनीं तेवढ्या वेळांत भैरवीचा सबंध देह उभा केला, तिचा हात किंवा पाय कापून दिला नाहीं. दुसरें यान सुटल्यावर अकराच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई निवर्तल्या. त्यांची भैरवी मात्र अजून तारकांच्या वाटेवर आहे. वेळ थोडा असणें हा दोष नव्हे. दोष आहे तो, पूर्ण होऊं न देण्याचा.

आतां पालकांशीं दोन शब्द स्पष्टपणें बोलतों. कित्येक घरांत ही तबकडी मुलांस संगीत कळावें म्हणून येत नाहीं. ती येते बुद्धि तल्लख व्हावी म्हणून. मोझार्ट ऐकल्यानें मेंदू वाढतो, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे. तिचें मूळ पाहण्याजोगें आहे. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांतील विद्यापीठाच्या संशोधकांनीं महाविद्यालयाच्या ३६ विद्यार्थ्यांस मोझार्टची दोन पियानोंसाठीं असलेली एक रचना दहा मिनिटें ऐकविली, आणि घडीच्या कागदांच्या आकृती ओळखण्यासारख्या कामांत त्यांची किंचित् प्रगति दिसली. ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरलीही. एवढ्या बीजाचा वटवृक्ष झाला. १९९८ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानाच्या गव्हर्नरांनीं प्रत्येक नवजात बालकास अभिजात संगीताची वानगी-तबकडी देण्यासाठीं १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पण त्या मूळ प्रयोगांत बालकें नव्हतींच! पुढें २०१० सालीं व्हिएन्ना विद्यापीठांतील अभ्यासकांनीं सुमारें ४० प्रयोगांचा व ३,००० लोकांचा एकत्रित विचार करून दाखविलें कीं, मोझार्टमध्यें बुद्धिवर्धनाचा असा कांहीं खास गुण आढळत नाहीं. ज्या व्हिएन्नांत मोझार्ट राहिला, तेथूनच हा निवाडा यावा हेंही योग्यच झालें.

म्हणून पालकांनो, संगीत हें च्यवनप्राशाप्रमाणें चमचा-चमचा पाजण्याचें औषध नव्हे. मुलगा गणितें सोडवीत असतां पाठीमागें बीथोव्हेन लावून ठेवणें म्हणजे गणित आणि बीथोव्हेन ह्या दोघांचाही अपमान करणें होय. जें संगीत न ऐकण्याचीच संवय लागते, तें वाजूनही न वाजल्यासारखें. ह्या तबकडीपासून मुलास खरोखर एक लाभ होऊं शकतो, पण तो गुणपत्रिकेंत दिसणारा नव्हे. एखादी गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत, मध्यें न उठतां, दुसरीकडे हात न घालतां ऐकून घेण्याची शक्ति, हा तो लाभ. आजच्या काळांत ह्या शक्तीचा जितका दुष्काळ आहे तितका क्वचितच कधीं असेल. तीस सेकंदांत कंटाळून बोट पुढें सरकविणारें मूल उद्यां वडिलांचें बोलणें, मित्राचें दुःख, पुस्तकाचें प्रकरण, ह्यांपैकीं काय शेवटपर्यंत ऐकेल? आम्हीं आरंभीं जो तोटा म्हटला, तो हा. वानगीवर थांबलेला कान हळूहळू वानगीचाच होऊन बसतो. त्यास सर्वच गोष्टींचा पहिला घांस तेवढा हवासा वाटतो.

मग करावें काय? उपाय खर्चाचा नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं अशी तबकडी किंवा यादी असेल तर ती टाकून देऊं नका. सुटीच्या एका आठवड्यांत तींतील एकच वेचा निवडा. जो तुम्हांस आपणहून आवडला तोच, कोणी थोर म्हणतो म्हणून नव्हे. तो तीन निरनिराळ्या दिवशीं ऐका. पहिल्या दिवशीं सुरावट ओळखूं येईल. दुसऱ्या दिवशीं तिच्याखालीं चाललेला दुसरा आवाज ऐकूं येईल. तिसऱ्या दिवशीं पुढें काय येणार हें तुम्हांस आधींच कळेल आणि तें आल्यावर जुना स्नेही भेटल्याचा आनंद होईल. नंतर वहींत त्याच्याविषयीं चार गोष्टी टिपा: रचना कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या मोठ्या रचनेंतील, आणि त्या रचनेचे एकंदर भाग किती. एवढी चौकशी झाली कीं एका रविवारीं ती सबंध रचना लावा. बीथोव्हेनची पांचवी सारी मिळून अर्ध्या तासाहून फारशी अधिक नाहीं. क्रिकेटच्या सामन्यापुढें तो वेळ कांहींच नव्हे. त्या वेळांत भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलींत असूं द्या, आणि आईवडिलांस शेजारीं बसण्याची विनंती करा. वर्षास अशा चारच रचना ऐकल्या तरी शाळा सोडतेवेळीं वीस-पंचवीस मोठ्या कृति तुमच्या मालकीच्या झालेल्या असतील, आणि ती मालमत्ता कोणासही हिरावून घेतां येणार नाहीं.

शिक्षकबंधूंस व भगिनींसही सुचवावेंसें वाटतें कीं, संगीताच्या तासाला दहा वेचे ऐकविण्याऐवजीं दोन तासांत मिळून एक रचना पुरी ऐकवावी, आणि मग मुलांस बोलूं द्यावें. मुलें जें बोलतात तें पुष्कळदां पुस्तकांत नसतें, पण खरें असतें. हीच रीति आपल्या रागसंगीतासही लावावी. तेथेंही आतां बंदिशीचा मुखडा आणि एक तान एवढीच वानगी कानांवर येते. विलंबित ख्याल सावकाश उमलतो तो ऐकावयास कोणास सवड नाहीं. ज्याला एक संगीत शेवटापर्यंत ऐकतां आलें, त्याला दुसरेंही येईल. धीर हा देशी-विदेशी असा भेद मानीत नाहीं.

वानगी दाखविणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यानें आपलें काम केलें. मूठभर दाण्यांवर पोट भरल्याचें समाधान मानून घरीं परतणारा ग्राहक मात्र उपाशीच राहतो. ह्या वर्षीं आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें निदान एका रचनेचा शेवट ऐकावा, एवढीच आमची इच्छा आहे. पांचवीपासूनच आरंभ करावयाचा असेल तर तिसऱ्या भागाच्या अखेरीस नगाऱ्याचे हलके ठोके सुरू झाले कीं जागचे हलूं नका. ट्राँबोनवाले अजून वाजविलेले नाहींत.